तीन ठिकाणी, एकाच दिवशी

धर्माजीशेठनं विचारलं ते अगदी साधं होतं, कुणीही कुणाला विचारावं तसं. हातात तागडी, मान खाली, पारड्यातले सुके बोंबील एकेक करून लावतोय, आणि तेवढ्यात, ऊन फार पडलंय असं म्हणावं तशा आवाजात म्हणाला, "आणि कुठं कुठं मागितलंयस गं केसर?" केसर म्हणाली, "कुठं न्हाय." झालं. एवढंच. तिच्या हातचा कागद त्यानं घेतला, न वाचताच तागडीच्या वजनाखाली ठेवला, "बरं, उद्या सांगतो," म्हणाला, आणि केसर दुकानाच्या पायरीवरून मुरुडच्या बाजारात उतरली. वैशाखातलं सकाळचं दहाचं ऊन. कोळ्याच्या पोरीच्या घशात काटा अडकत नाही म्हणतात, लहानपणापासून जिभेला सवय असते ना, पण केसरच्या घशात ते 'न्हाय' असं आडवं बसलं की गिळता येईना आणि खाकरून बाहेरही येईना. कारण चोळीच्या आत, छातीशी, चार घड्या घातलेला आणखी एक कागद होता. मजकूर तोच, पाचशे रुपये तेच, फक्त वरचं नाव बोर्लीच्या उस्मानशेठचं. आणि तिसरा, म्हणजे खरं तर पहिला, ती सकाळी आठलाच मच्छीमार सोसायटीच्या टेबलावर देऊन आली होती.

आता कुणी म्हणेल, खोटं बोलली तर बोलली, उधार मागायला गेलेलं माणूस काय गंगाजल घेऊन जातं का? पण केसरला खोट्याचं एवढं वाटत नव्हतं. मासळी विकणारी बाई ती, 'ताजी हाय गं बाय, आत्ता उतारलीय' हे वाक्य ती दिवसाला चाळीसदा म्हणायची, त्यातलं दहादा तरी खोटं असायचं आणि घेणारीलाही ते माहीत असायचं. हे तसं नव्हतं. शेठनं विचारलं त्या आवाजात काहीतरी होतं. तो आवाज तिनं आधी कुठंतरी ऐकला होता. कुठं, ते मात्र आठवेना. राजपुरीच्या रस्त्यानं ती झपाझप चालत होती, पायाखालची वाळू तापलेली, आणि तो आवाज तिच्या मागनं चालत होता.

सगळं सुरू झालं ते जाळ्यावरनं. कान्हाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, डोलीचं, पिशवीसारखं सुती जाळं या होळीला पार विरलं. केसरला ते जाळं आवडायचं, खरंच आवडायचं, हसू नका. लग्न होऊन ती भरडखोलहून मुरुडच्या कोळीवाड्यात आली तेव्हा सासऱ्यानं नुकतीच ऐनाची साल आणली होती, मोठ्या काहिलीत ती उकळत होती, पाणी लालभडक, आणि त्यात बुडवून काढलेलं जाळं अंगणभर पसरलं होतं. त्याचा तुरट, लाकडी, ओला वास नव्या घराचा पहिला वास म्हणून तिच्या नाकात कायमचा राहिला. सासरे गेले, पण साल उकळली की ते इथंच कुठंतरी आहेत असं वाटायचं. आता नायलोन आलं. नायलोनला साल लागत नाही, वाळवावं लागत नाही, कुजत नाही, आणि वासही नाही. शेजारच्या चार होड्यांवर ते चढलं आणि त्या चार होड्यांची मासळी बघता बघता दीडपट झाली. कान्हा बोलायचा नाही फारसं. एका संध्याकाळी विरलेल्या जाळ्यात बोट घालून तो म्हणाला, "नारळीपुनवंपर्यंत जाळं झालं न्हाय तर मी मुंबईला, ससून डॉकला जातो. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. इथं मासं मोजत बसण्यापरीस बरं." त्यानं तसं शांतपणे म्हटलं आणि बिडी पेटवली. केसरला गेलेली माणसं माहीत होती. वाड्यातला एक सहा महिन्यांसाठी म्हणून गेला त्याला आता नऊ वर्षं झाली होती, गणपतीला मनीऑर्डर यायची, माणूस यायचा नाही.

जाळ्याला पंधराशे लागत होते. एका होडीच्या घराला पंधराशे कोण देतंय? पाचशेपर्यंत देतील, तेही आपण एकटेच देतोय असं वाटलं तर. मामलेदार कचेरीच्या ओसरीवर चांगदेव अर्ज लिहायला बसायचा. बारीक माणूस, कानावर टाक, बोलताना डोळे मिटायचा. त्यानंच हा तोडगा काढला. "तीन ठिकाणी टाक," तो म्हणाला. "पण एकाच दिवशी, एका दमात. आज एकाला विचारलंस आणि उद्या दुसऱ्याला, तर काय होतं सांगू? दुसऱ्याला पहिल्याचं कळतं. मग तो म्हणतो, त्यानं दिलं की मी देतो. तो म्हणतो, ह्यानं दिलं की मी देतो. आणि तू मधी उभी, पाटी घेऊन. एकाच दिवशी गेलीस की तिघांच्याही लेखी तू फक्त त्याच्याकडंच आलेली." केसरनं विचारलं, "आणि मागाहून कळलं तर?" चांगदेवनं डोळे उघडले. "मागाहून जाळं पाण्यात असंल की. हप्ते गेले की कोण विचारतो?" सोसायटीच्या छापील कागदावर एक रकाना होता, इतर ठिकाणी कर्ज किंवा मागणी. चांगदेवनं तिथं झोकात लिहिलं, 'निरंक'. "म्हंजे?" "म्हणजे काही नाही." शब्द दिसायला छान होता. तीन अर्जांचे बारा आणे घेतले त्यानं, नव्या पैशात पंच्याहत्तर, आणि केसरनं तिन्हींवर 'केसर कान्हा' अशी चौथीपर्यंतच्या अक्षरात सही केली. कान्हाला यातलं काही सांगितलं नव्हतं. जाळं दारात आणून टाकायचं आणि त्याचा चेहरा बघायचा, एवढंच तिच्या डोळ्यांपुढं होतं.

राजपुरीच्या धक्क्यावर दिघीला जाणारी होडी भरत होती. केसर एका कडेला बसली, शीड फडफडलं, मग भरलं, आणि डावी-उजवी करत होडी खाडीच्या तोंडाला आली. उजव्या अंगाला किल्ला, पाण्यात बसलेला, काळा. ती इकडनं सासरी आली तेव्हाही तो असाच होता, आणि आई तिला सोडायला आली होती तेव्हा आई त्याच्याकडं बघून म्हणाली होती, "एवढा मोठा, आणि आत प्यायचं पाणी गोडं. बघ." आईला सगळीकडं आधी पाणी दिसायचं. नीराबाई. गेली तिला चार वर्षं झाली. वैशाख आला की केसरला आईची आठवण यायची ती मुद्दाम काढावी लागत नसे, पायांनाच यायची, कारण वैशाखात तिचे पाय आईच्या मागनं डोंगर चढलेले होते.

ते असं. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी, त्याला आगोट म्हणायचं. समुद्र बंद व्हायच्या आधी भरडखोलच्या कोळणी सुक्या मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बोर्लीच्या वर, म्हसळ्याच्या वाटेवरच्या कुणब्यांच्या वाड्यांत जायच्या. पहाटे निघायचं, चांदणी असताना. आईच्या डोक्यावर मोठी पाटी, बोंबील, सोडे, जवळा, वर सागाची पानं, आणि केसरच्या डोक्यावर लहान, नुसत्या जवळ्याची. वाटेत करवंदं. आई चालता चालता घरं म्हणायची, कुणी स्तोत्र म्हणावं तसं. पहिलं घर चिंचेचं, दुसरं आंधळ्या म्हाताऱ्याचं, तिसरं दोन सुनांचं. पैसे कुणी देत नसे. मासळी आता उतरवायची आणि भात दिवाळीला न्यायचं. लिहून काही नाही. आईचा हिशेब असा, "वैशाखात माझी पाटी उतारली त्या दिवशी तुझी म्हैस व्यायली, चार पायली ठरलं, आणि वर तू म्हणालीस रेडकू जगलं तर शेरभर जास्त." आणि घरवाली म्हणायची, "जगलं गं, जगलं," आणि शेरभर जास्त घालायची. केसर ओसरीवर पाय सोडून बसायची. शेणानं सारवलेली गार जमीन, भाकरीचा जळका वास, कुणीतरी हातावर गुळाचा खडा ठेवायचं. जगात इतकी गार जागा दुसरी नाही असं तिला अजून वाटतं.

आणि रीत अशी होती की घराला एकच कोळीण. पाटी उतरली की घरवालीनं तांब्याभर पाणी आणायचं, कोळणीनं ते प्यायचं, आणि पाणी प्यायलं की ते घर तिचं. पीक बुडालं तर कोळीण थांबायची, मासळी कमी आली तर घर थांबायचं. घरवालीनं दुसरीकडनं घेऊच नये असं नव्हतं. घ्यायचं, पण सांगायचं. 'बाय, अमकीकडनं दोन शेर वाकट्या घेतल्या' असं म्हटलं की झालं, आई वर त्या वाकट्यांना चार नावं ठेवायची आणि विषय संपायचा. होडीत बसून हे सगळं आठवताना केसरच्या चोळीतला कागद घामानं मऊ झाला होता. तिच्या समोर एक बाई कोंबडीचे पाय धरून बसली होती, ती म्हणाली, "बोर्लीला काय गं, बाजाराला?" केसर म्हणाली, "व्हय." "काय आणायला?" केसरनं होडीखालच्या खाऱ्या पाण्याकडं बघितलं. "मीठ," ती म्हणाली. बाईनं तिच्याकडं नीट बघितलं, तिच्या नेसण्याकडं बघितलं, नाकातल्या मोरणीकडं बघितलं. "मुरुडची कोळीण, आणि खाडी ओलांडून मिठाला," बाई कोंबडीला म्हणाली. कोंबडी काही बोलली नाही.

दिघीला उतरून ती बोर्लीच्या एसटीत बसली, खिडकीशी, आणि गाडीनं पहिलं वळण घेतलं तेव्हा तो आवाज कुणाचा ते तिला एकदम कळलं. असं कळलं की तिनं पुढच्या बाकाचा दांडा धरला. आवाज आईचा होता.

ती अकरा वर्षांची होती. स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झालेली, रेशनिंगचे दिवस, सरकारी लेव्हीत भात जायचं म्हणून वाड्यांतल्या बायका जरा चिंतेतच असायच्या. वाटेवरचं शेवटचं घर ठमीचं. ठमी आईच्याच वयाची, उंच, हसरी, दात पुढं. त्या वर्षी तिचा दीर आणि जाऊ दोघं महिन्याच्या अंतरानं गेले होते आणि त्यांची चार पोरं हिच्याकडं आली होती. केसरनं ओसरीवर पोरं मोजली, सात झाली. आईनं पाटी उतरवली, बोंबील निवडायला घेतले, मान खाली, एकेक बोंबील वाकडा-सरळ लावत, आणि ऊन फार पडलंय असं म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "आणि कोण येऊन गेलं काय गं ठमे?" ठमी तांब्या घेऊन बाहेर येत होती. "न्हाय गं बाय. तूच पयली." आई पाणी प्यायली, गटागटा, मान वर करून. परतताना डोंगराच्या उतारावर आई म्हणाली, "तिच्या माळ्यावर वाकट्या हायत. वास आला मला. सोडे बी हायत. दोघी येऊन गेल्या." केसर म्हणाली, "मंग इचारलंस कशाला?" आईनं चालता चालता एक करवंद तोडलं. "ठावं असल्याबिगर कुणी असं इचारतं व्हय?" ती म्हणाली. "सांगती का, ते बघितलं."

गाडी चालली होती आणि केसरनं शेठचा सकाळचा प्रश्न परत मनात म्हणून बघितला. म्हणजे शेठला ठाऊक आहे. सकाळी, ती पायरी चढायच्या आधीपासून त्याला ठाऊक होतं. देणाऱ्याच्या घरात वाढलेली पोर ती, तिला हे तिथंच कळायला पाहिजे होतं. पण तिथं ती घेणारी होऊन गेली होती, आणि घेणाऱ्याचे कान वेगळेच असतात, नाही का? त्यांना फक्त हो का नाही एवढंच ऐकू येतं.

पण ठमीची गोष्ट तिथं संपली नव्हती, आणि केसरला खरं टोचत होतं ते पुढचंच. दिवाळीला आई भात आणायला गेली तेव्हा ठमीनं पुरं चार पायली भात मोजून दिलं. दुसरीला दिलं, तिसरीलाही दिलं. कसं दिलं ते तिचं तिला माहीत. तिघी कोळणी बोर्लीच्या बाजारात भेटल्या, एकमेकींना विचारलं, हिशेब जुळला, कुणाचा दाणाही बुडाला नव्हता. आणि तरी पुढच्या वैशाखात तिघींपैकी एकही ठमीच्या दारात गेली नाही. ठमी अंगणात उभी होती. आईनं तिच्याकडं बघून मान हलवली, नुसती ओळखीची, आणि पाटी डोक्यावर तशीच ठेवून वळण घेतलं. केसर मागं वळून बघत राहिली, ठेच लागेपर्यंत. मग म्हणाली, "आई, तिनं सगळं दिलं व्हतं की." आई म्हणाली, "दिलं. कोण न्हाय म्हणतंय?" "मंग?" "मंग काय? तिनं सांगितलं असतं तर मी दोन पाट्या उतरवल्या असत्या. सात पोरं मला दिसत न्हवती काय?" त्या सगळ्या वाटेवर आई पुन्हा घरं म्हणाली नाही.

केसर तेव्हा आईवर रागावली होती, आणि ते आईला कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटायचं की आई चुकली. आत्ता, गाडीत, चोळीतल्या मऊ कागदावर हात ठेवून, तिला तसंच वाटत होतं. ठमीनं तरी काय करायचं होतं? एकीला तीन पाट्या मागितल्या असत्या तर मिळाल्या असत्या का? आई म्हणाली होती दोन तरी उतरवल्या असत्या, पण मागायच्या आधी ते ठमीला कुठनं कळणार? मागणाऱ्याला हे कधीच आधी कळत नाही, म्हणून तर तो तीन दारं धरतो. असं सगळं तिच्या डोक्यात उलटसुलट चाललं होतं आणि बोर्ली आली.

उस्मानशेठचं दुकान बाजाराच्या टोकाला. तांदूळ, मीठ, दोरखंड, डांबर. म्हातारा गादीवर बसून सुपारी कातरत होता. केसर रस्त्यापलीकडं एका आंब्याच्या सावलीत उभी राहिली. ती गेली असती तर त्यानं दिले असते, हे तिला हातावरच्या रेघेइतकं स्पष्ट दिसत होतं. आईच्या नावावर दिले असते. आणखी कुठं मागितलंस असं विचारलंही नसतं, कारण नीराबाईच्या पोरीला असं विचारायची त्याला गरजच वाटली नसती. म्हणजे तिला 'न्हाय' म्हणावं लागणारच नव्हतं. तिच्या जागी ते आईनं म्हटलं असतं, न बोलता. केसरनं पाय उचलला आणि परत ठेवला. तेवढ्यात म्हाताऱ्यानं कपाळावर हात धरून पलीकडं बघितलं.

"अगो, केसर न्हवं काय तू? नीराबायची? उन्हात कित्या उभी ऱ्हायलीस?"

जावं लागलं. त्यानं पोऱ्याला हाक न मारता स्वतःच उठून मडक्यातलं पाणी दिलं, कान्हाचं विचारलं, होडीचं विचारलं. "तुझी आय माझ्या दुकानात येयाची तं आदी माझ्या तांदळाला नावं ठेवायची, मंग न्हेयाची," तो म्हणाला आणि हसला. "बोल, काय दिऊ?"

केसरचा हात चोळीकडं गेला. हात तिथंच थांबला, आणि मग तिनं पदर सारखा केला. "मीठ द्या चाचा. दोन शेर."

म्हाताऱ्यानं अडकित्ता खाली ठेवला. "मुरुडात मीठ खपला?"

"व्हय."

"दर्या सुकला काय?" त्यानं मीठ मोजलं, पुडा बांधला, पैसे घेतले, आणि ती पायरी उतरताना मागनं म्हणाला, "अगो, मीठ संपलं तं परत ये. सांग कनी खरा काय ता. मी खय चाललोंय?"

परतीच्या गाडीत, परतीच्या होडीत ते मिठाचं ओझं तिच्या मांडीवर होतं. किल्ल्यामागं ऊन कललं होतं. कागदाचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं, फाडून पाण्यात टाकावा असंही वाटेना. पण उद्या म्हणजे उद्या, शेठ सांगणार. त्याच्या आत, आज, दुकान उघडं असेतो पोचलं पाहिजे, एवढं एकच तिला कळत होतं, आणि वारा पडला होता, आणि तांडेल आरामात गाणं गुणगुणत होता. तिला त्याला ढकलून स्वतः वल्हं मारावंसं वाटलं.

धर्माजीशेठ दुकानाच्या फळ्या लावत होता. चार लावून झाल्या होत्या. केसर धापा टाकत पायरीशी उभी राहिली.

"शेठ, सकाळी न्हाय म्हणाले ते खोटं. सोसायटीत दिलाय. बोर्लीला द्यायचा व्हता, दिला न्हाय. हा बघा."

शेठनं पाचवी फळी भिंतीला टेकवली. कागद बघितलाच नाही. "मला ठाऊक हाय."

"मला बी ठाऊक हाय, तुमाला ठाऊक हाय ते."

शेठ पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघून हसला. "चांगदेव काल इथंच बसून च्या पीत व्हता. म्हणतो, शेठ, असा अर्ज लिवलाय, तीन ठिकाणी एकच मजकूर, निस्तं नाव बदलायचं. पाठच म्हणून दाखवला. लिहिणाऱ्याला गं, ऐकणारा लागतो."

"मंग देता काय?"

"पाचशे न्हाय."

"का? सांगितलं की आता."

"सकाळी सांगितलं असतंस तर पाचशे दिलं असतं. संध्याकाळी सांगितलंस, दीडशे देतो."

"सकाळ ते संध्याकाळ साडेतीनशे?"

"मासळीचा बी तसाच भाव उतरतो. तू काय मला शिकवतेस, की मी तुला?"

केसरनं मनात हिशेब केला. दीडशेचं जाळं येत नाही. सोसायटीचे पाचशे आले तरी श्रावणात, आणि त्या निरंकाचं तिथंही जाऊन सांगायचं होतं. जाळं गेलं. इतका वेळ ज्याच्यामागं ती धावत होती ते गेलं, आणि तिला वाटलं होतं तशी ती पायरीवर कोसळली वगैरे नाही. दुकानात आतल्या अंगाला सुक्या बोंबलांच्या थप्प्या लागल्या होत्या, त्यांचा खारट वास येत होता, आणि तिच्या पायांना डोंगराची चढण आठवली.

"पैसे नको," ती म्हणाली. "दीडशेचे बोंबील द्या. दिवाळीला तुमचं फेडते."

"आणि इकणार कुठं? वाड्यात समद्यांच्या दारी बोंबील हायत."

"बोर्लीच्या वर. आईची घरं."

"चार सालं झाली. ती घरं काय तुझी वाट बघत बसलीत?"

"बघायला लागंल."

शेठनं लावलेली एक फळी परत काढली आणि आत गेला.

पाटी डोक्यावर आणि दोन खेपा बाकी असताना केसर घरी आली तेव्हा कान्हा उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसून विरलेलं जाळं गुडघ्यावर घेऊन शिवत होता. त्यानं पाटीकडं बघितलं, मिठाच्या पुड्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. तो कधीच विचारायचा नाही, आणि केसरला आजपर्यंत ते बरं वाटायचं. ती वाळूत बसली आणि एका दमात बोलली. सोसायटी, शेठ, उस्मानचाचा, चांगदेव, पंधराशे, साडेतीनशे, दीडशे. कान्हाचा हात सुईसकट थांबला होता.

"अर्जावर होडी कुणाची लिवली?" त्यानं विचारलं.

"तुमची."

"आणि सही?"

"माझी."

त्यानं जाळ्यातलं एक विरलेलं घर दोन बोटांत धरून ताणलं, ते तुटलं. "सोसायटीला ठावं. शेठला ठावं. चांगदेवला तर आदीपासनं. उस्मानशेठ बी वळखून असंल. गावात मीच ऱ्हायलो व्हतो." तो रागावला नव्हता, रागावला असता तर केसरला बरं वाटलं असतं. "मी तुला न्हाय म्हटलं असतं व्हय?"

केसरला वाटलं, हो म्हणावं. मग वाटलं, नाही म्हणावं. पण खरं हे होतं की तिला माहीतच नव्हतं, कारण तिनं विचारलंच नव्हतं. तीन दारं धरली तिनं, खाडी ओलांडली, आणि हे एक दार, जिथं ती रोज भाकरी थापते, ते तिच्या मोजणीतच नव्हतं.

"ठावं न्हाय," ती म्हणाली. "तुमाला इचारलं न्हाय मी."

कान्हानं मान हलवली. पाण्याला भरती लागत होती, कोळीवाड्यातल्या बायका वाळत घातलेला जवळा गोळा करत होत्या, कुणीतरी कुणाला शिवी देत होतं.

"मला एक साल तर जायला लागंलच," तो म्हणाला. "होळीपातुर."

"व्हय."

"तू डोंगर चढणार, एकली?"

"व्हय."

त्यानं जाळं बाजूला सारलं आणि वाळूत तिच्यासाठी सावलीची जागा केली, कारण ती अजून तिरप्या उन्हात बसली होती. "आता असं कर," तो म्हणाला, "पयल्यापासनं सांग. घाई नको."

केसर सरकून बसली. पयल्यापासनं म्हणजे नक्की कुठनं, ते तिला चटकन कळेना. धर्माजीशेठपासनं नाही, चांगदेवपासनंही नाही. मग तिनं सुरुवात केली, "तुमी जाळ्यात बोट घालून ससून डॉक म्हणालात ना, त्या दिवशी मला लई भ्या वाटलं."